पचनसंस्थेचं पहिलं पान

मला मदत केली ती माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना माझा हात कुठंही अडखळेल आणि हीच गोष्ट राहून जाईल अशी मला भीती वाटते. दहावीच्या जीवशास्त्रासाठी तिनं माझ्याकरता जे केलं ते माझ्या घरच्या कोणी केलं नाही. ती मदत माझ्यापर्यंत पोचली नाही, हा तिचा दोष नव्हता. मी मात्र कितीतरी वर्षं तो तिचाच धरून बसले.

आता मी गुजरातेत राहते, खाडीजवळच्या एका गावात. माझ्या तोंडून 'का'च्या जागी 'काऊन' निघालं की इथल्या शेजारणी अजून हसतात. पण तेव्हा आम्ही सिंदीला राहत होतो. बाबा सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायच्या कामावर, आणि गावाबाहेर थोडी शेती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड आलं होतं, त्याला फार वर्षं झाली नव्हती. मैत्रीण शेजारच्या खेड्यातून पायी यायची, कापसाच्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, मागोमाग, आणि शाळेत पोचेस्तोवर तिच्या वेणीत कापसाचे पुंजके अडकलेले असायचे.

आम्हा दोघींत मिळून जीवशास्त्राचं एकच पुस्तक होतं. पुढं गेलेल्या एका मुलीकडून घेतलेलं जुनं, वरचा पुठ्ठा गेलेलं. महिनाभर ते एक दिवसाआड इकडून तिकडे गेलं. मग मैत्रीणच म्हणाली, "हे काही खरं नाई वो. फाडून टाकू मधातून." मी बाबांच्या दाढीच्या पात्याचा तुकडा आणला. शाळेमागच्या कडुनिंबाखाली बसून आम्ही पुस्तकाची पाठ उभी चिरली. वनस्पती एकीकडे, माणसाचं शरीर दुसरीकडे. दाभणानं दोन्ही अर्धी शिवली, वर सिमेंटच्या पोत्याचा कागद चढवला.

चिरताना एक चूक झाली. वनस्पतींचा धडा ज्या पानावर संपत होता, त्याच पानाच्या मागं माणसाची पचनसंस्था सुरू होत होती. पान कोणाकडं जावं यावर वाद झाला. शेवटी मुठीत चिंचोके घेऊन एकी-बेकी खेळलो. वनस्पती मला आल्या आणि ते पानही माझ्याकडंच आलं. त्याची शेवटची ओळ होती, 'तोंडात घास चावला जात असताना त्यात लाळ मिसळते आणि'. पुढचं सगळं तिच्या अर्ध्यात.

"संक्रांतीले बदलून घेऊ," ती म्हणाली. "तिळगुळासंगं."

"नाई आणलं त?"

"त माह्यी वेणी कापजो."

खरं तर तिचं अर्धं मला जास्त गरजेचं होतं. दिवाळीच्या मागंपुढं गुरुजींनी वर्गात पचन, रक्ताभिसरण, उत्सर्जन हे सगळं शिकवलं, आणि नेमकं तेव्हा आमच्याकडं कापसाची वेचाई होती. मी पंधरा-वीस दिवस शाळेत गेले नाही. परत आले तेव्हा फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती होती आणि मी बाकावर बसायच्या आत गुरुजींनी ती पुसली.

घरी आणखी एक जण त्याच परीक्षेला बसणार होता. माझा मोठा भाऊ. आदल्या वर्षी तो विज्ञानात अडकला होता, तेवढा एकच विषय राहिला होता. पास होणारच म्हणून निकालाआधीच त्यानं आपली सगळी पुस्तकं विकून टाकली होती. आता बाहेरून फॉर्म भरलेला. मी त्याला म्हटलं, "दादा, माह्यावालं अर्धं वाचत जाय न." तो माझ्यावरच उखडला. "बहिणीच्या पुस्तकावर पास होऊ का मी? मले पाठ आहे सगळं."

पाठ काही नव्हतं. मायला ते माहीत होतं. गल्लीतली बाई विहिरीवर विचारायची, "काय वो, औंदा त पास होऊन निघते ना पोरगा?" मायची बादली वर येताना हिंदकळायची.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मायनं मला शेतावर पाठवलं. म्हणाली, हरभऱ्याचे घाटे आण, वाणाला लागतात. मी म्हटलं, मैत्रीण येणार आहे. "आली त बसवतो मी. जाय तू." मी माझं अर्धं देव्हाऱ्यापाशी ठेवून गेले. परत आले तेव्हा ते जागच्या जागी होतं. दुसरं नव्हतं.

"आलती ते पोरगी," माय तीळ निवडता निवडता म्हणाली. "म्हणे, माहं वाचून नाई झालं. परीक्षा झाल्यावर देईन म्हणे."

"परीक्षा झाल्यावर मी काय करू त्याचं?"

"मले काय माहीत बापा. तुह्यी मैत्रीण, तूच वळख."

मी रडले नाही. रागच एवढा आला होता. शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली होती, त्यामुळं ती भेटायचा प्रश्न नव्हता, आणि तिच्या गावापर्यंत चालत जाऊन पुस्तक मागायचं म्हणजे भीकच, असं मला वाटलं. मी गेले नाही. ते कोस-दीड कोस मी तेव्हा चालले असते तर, हा विचार आजही भाकरी थापताना मधेच येतो आणि भाकरी फाटते.

मग मी वनस्पती पाठ केल्या. फुलाचे भाग, परागण, पानातलं हरितद्रव्य, बीज रुजण्याच्या पायऱ्या. आवारातलं जास्वंद उभं चिरून पाकळ्या वहीत चिकटवल्या. शेवटचं पान तर इतकं पाठ झालं की तोंडात घास घेतला की ते आपोआप सुरू व्हायचं, आणि लाळेशी येऊन थांबायचं. दुसऱ्या कोणाला पुस्तक मागावं तर ज्याची त्याला परीक्षा. एका मुलीनं दुपारपुरतं दिलं. हृदयाचे कप्पे होईस्तोवर तिचा भाऊ न्यायला आला.

दादा रोज मंदिराच्या ओट्यावर अभ्यासाला बसायचा. घरी मन लागत नाही म्हणायचा. चार वाजता त्याचा चहा घेऊन मीच जायची, लहान तांब्यात, वर वाटी झाकून. तो वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं काहीतरी वाचत असायचा. मला पाहिलं की मिटायचा.

"काय वाचून राह्यला दादा?"

"भूगोल."

त्याचा भूगोल आदल्या वर्षीच निघाला होता. हे मला सुचलं नाही. सुचू नये इतका माझा त्याच्यावर विश्वास होता. माझं वनस्पतींचं अर्धं कधी उशाखालून हललेलं दिसायचं, तर मला वाटायचं, मांजर.

जीवशास्त्राच्या पेपराच्या दिवशी केंद्राच्या फाटकापाशी मैत्रीण दिसली. ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडंच आली, हसत. मला तिचं ते हसणं पाहून अंगाची आग झाली.

"वनस्पतीवालं अर्धं नाई आणून देल्लं ना तू?" ती म्हणाली. "जाऊ दे, असू दे. मूत्रपिंड दोनदा काढलं ना पण?"

"लाज नाई वाटत तुले?" मी म्हटलं. लोक वळून पाहायला लागले. "वरून तोंड घेऊन येते आणखीन."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती रागावली नाही. तिला कळलंच नाही. घंटा झाली आणि आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत गेलो.

पेपरात मूत्रपिंडाची आकृती होती. सुबक आकृती काढून भागांना नावं द्या. मला वाटलं, हिला आधीच कुठून तरी कळलं होतं, आणि मला डिवचायला ती फाटकाशी आली होती. मी वालाचे दोन दाणे काढले, त्यांच्या खाली दोन दोऱ्या लोंबवल्या, आणि नावांच्या जागी रेघा ओढून तशाच सोडल्या.

निकाल लागला. दादा निघाला. मी राहिले, विज्ञानात, सहा गुणांनी. मायनं दादासाठी पेढे वाटले आणि मला म्हणाली, "तुहं काय, तू हुशार आहे. ऑक्टोबरले बस." पण ऑक्टोबरच्या फॉर्मची तारीख गेली तेव्हा घरात कोणाच्या लक्षात नव्हती. पुढच्या वैशाखात लग्न झालं, आणि दोन गाड्या बदलून मी इथं आले.

किती वर्षांनी ते नक्की आठवत नाही. माझी थोरली बोलायला लागली होती. भाऊबीजेला सिंदीला गेले होते. दादा तोवर एका कचेरीत चिकटला होता, दहावी पासच्या जागेवर. वहिनी चांगली होती. म्हणाली, "ताई, वरची पेटी काढून देता का? दिवे त्याच्यात आहेत."

दिव्यांच्या खाली सिमेंटच्या कागदाची दोन बाडं होती. एक माझं. लग्नात ते कुठं राहिलं म्हणून मी शोधलं होतं. दुसऱ्यावर वर्तमानपत्राचं कव्हर होतं, फाटून निघालेलं. ते उघडलं. पहिल्या पानाची पहिली ओळ होती, 'तो घास अन्ननलिकेतून खाली जठरात सरकतो.' माझं वाक्य पुरं झालं. मी पेटीपाशीच खाली बसले.

आत पानापानात चिठ्ठ्या शिवलेल्या होत्या. मैत्रिणीचं बारीक, डावीकडं कललेलं अक्षर. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तुले कापसापायी वर्गात आयकाले नाई भेटलं, म्हणून गुरुजीनं सांगतलं ते सगळं लिवलं.' आणि खरंच सगळं लिहिलं होतं, गुरुजी मधेच ज्या गोष्टी सांगायचे त्यासकट. मूत्रपिंडाच्या पानावर तिनं आकृती पुन्हा मोठी काढली होती, लाल-निळ्या पेन्सिलीनं रंगवून, आणि खाली, 'हे येईनच असं वाटते. दोनदा काढजो.'

तिच्या अक्षराशेजारी दादाच्या शाईच्या बरोबरच्या खुणा होत्या. मूत्रपिंडापाशी दोन.

दादा ओसरीत पेपर वाचत होता. मी बाड त्याच्यापुढं धरलं. त्यानं पाहिलं आणि पेपराची घडी घातली.

"मायनं देल्लं, मी वाचलं," तो म्हटलं-न-म्हटल्यासारखं म्हणाला. "तू त कधी मागतलं नाई."

"मी चहा घेऊन येत होती रे दादा. रोज."

दादानं पेपराची घडी पुन्हा उलगडली. आतून माय म्हणाली, "जुनं काय उकरून राह्यली सणाच्या दिवशी? त्याची दुसरी खेप होती, दोन्ही अर्धे त्यालेच पाहिजे होते, म्हणून त्या पोरीले म्हटलं, माह्यी पोरगी मंग आणून देईन. पोराची जात, आणखीन राहिला असता त कोणं दारात उभं केलं असतं? तू काय, पोरगी. तू पुन्हा बसली असती."

"मंग बसवलं काऊन नाई?"

मायनं चूल फुंकली. धूर झाला, तिनं डोळे पुसले. ते धुरानं की कशानं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी दादाला ओवाळलं. पाटावर बसलेला, डोक्यावर टोपी, पोटावर बटणं ताणलेली. त्यानं ताटात साडी ठेवली, चांगली, नेहमीपेक्षा भारी. मी ती घेतली. घ्यायची नव्हती तर ओवाळायलाच नको होतं, हे नंतर सुचलं. मला सगळं नंतरच सुचतं.

निघताना वहिनीला मैत्रिणीचं विचारलं; तिचं माहेर त्याच खेड्यातलं. म्हणाली, "ते वेणीवाली? ते त पास झाली नं तेव्हाच. मास्तरीण आहे आता, अल्लीपुराकडं कुठं." पास झाली म्हटल्यावर माझ्या छातीवरचा एक दगड उतरला. वनस्पतींचं अर्धं तिला मिळालंच नव्हतं, माझ्यामुळं, म्हणजे माझ्या घरामुळं, म्हणजे माझ्याहीमुळं. फाटकापाशी मी तिला जे बोलले ते मायनं माझ्या तोंडात घातलं नव्हतं. ते माझंच होतं.

दोन्ही अर्धी मी पिशवीत घालून इकडं आणली. पत्र लिहायला बसते तर पत्ता अर्धवट, आणि पहिलं वाक्य त्याहून अर्धवट. पोस्टमन दिसला की उगाच धडधडतं, मी काही पाठवलेलं नसताना.

म्हणून दुसरं काम काढलं आहे. दुपारी धाकटी झोपली की वनस्पतींच्या अर्ध्यासाठी चिठ्ठ्या लिहिते. मला अजून येतं सगळं. फुलाची उभी चीर रंगवून झाली, बीज रुजण्याच्या पायऱ्या व्हायच्या आहेत. पाहिजे तिथं खाली लिहिते, 'हे दोनदा काढजो.' तिला आता परीक्षा नाही, हे मला कळतं. पण तिच्या वर्गात कापूस वेचून परत आलेली एखादी पोरगी असेलच.

पुस्तक मी अजून शिवलेलं नाही. चिरलं दोघींनी, तर शिवायचंही दोघींनीच. एक दिवस सिंदीला उतरेन आणि घरी न जाता तशीच अल्लीपूरची गाडी पकडेन. शाळेच्या फाटकापाशी उभी राहीन. ती बाहेर आली की आधी तिचं अर्धं तिच्या हातात देईन, मग माझं. दाभण आणि दोरा माझ्याकडं असेल.