मुंजाजीची नाटकाची ट्रॉली

बोरीचा मुंजाजी गिरणीवाला. वीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्याचं कुजबुजणंही वेशीपर्यंत जाई. त्याने नाटक मंडळी काढली, पण गावात ना मंच, ना पडदा. तेव्हा त्याने डोकं लढवलं, "देखावे कशाला हलवायचे? बघणारेच हलवू की!"

चाळीस माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली. पहिला प्रवेश खऱ्या विहिरीवर झाला, दुसरा खऱ्या गोठ्यात. तिसरा, मुलगी बघण्याचा, अप्पारावांच्या अंगणात ठरला होता. तिथे मुंजाजीची बायको सविता नवरीची आई बनून, पोहे करून तयार होती.

ट्रॅक्टर चालवणारा गोपाळ मात्र एक गल्ली आधीच वळला आणि त्याने ट्रॉली माणिकरावांच्या अंगणाशी लावली. तिथेही सतरंजी, पाहुणे, पोहे. माणिकरावांच्या राजेश्रीला बघायला पिंगळीची मंडळी खरोखरच आली होती.

"पोरीला जरा चालून दाखवू द्या," मुलाचा मामा म्हणाला.

"लय बेस काम करायलाव, मामा!" ट्रॉलीतून म्हाताऱ्या तानुबाई ओरडल्या. "पण मोठ्यानं बोला, मागं ऐकू येईना!"

हे अंगण अप्पारावांचं नाही, हे आता मुंजाजीच्या ध्यानात आलं. तेवढ्यात सविताचा फोन. "कुठं हाव तुमी? पोहे गार झाले की!"

तो माफी मागायला खाली उडी मारणार, तोच राजेश्री म्हणाली, "चालते की. पण आधी तुमच्या पोरानं चालून दाखवावं."

ट्रॉलीत शिट्ट्यांचा पाऊस. नवरामुलगा सारंग बिचारा उठला, दारापर्यंत जाऊन आला.

"आणखी एकदा!" चाळीस जणांनी फर्मावलं.

तो पुन्हा गेला, या खेपेला हात हलवत, रुबाबात. राजेश्रीला हसू आवरेना. मामा चपला शोधायला लागला. मुंजाजीला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. महिनाभर तालीम घेऊन त्याच्या नटांना एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

पाहुणे रागारागाने निघून गेले. माणिकरावांनी दोन महिने दळण दुसरीकडे नेलं.

पुढच्याच रविवारी सारंग एकटा गिरणीत हजर. "काका, तुमच्या नाटकात काम भेटंल का? नुसतं चालायचं असलं तरी चालंल."

मुंजाजीने त्याला घेतलं. मग राजेश्रीही तालमीला यायला लागली. चौथ्या नाटकात मुंजाजीने दोघांना कडाकडा भांडणाऱ्या नवराबायकोचं काम दिलं. भांडणाची तालीम इतकी लांबत गेली, की शेवटी माणिकरावच विचारायला आले, "हे भांडण मिटवायची तारीख कधीची धरू?"