अकरा महिन्यांचा कोच

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून उभा होतो. पेपर सुटल्यावर मोबाईल पाहिला, तर सुनीतावहिनींचे सहा मिसकॉल. उलट फोन लावला, तो त्यांच्या भावानं उचलला. "दाजी गेले. सकाळी कामावर निघाले, दारात चप्पल घालायला वाकले, आन् तितंच..." जळोचीला घरी न जाता मी तसाच इंदापूरची एसटी धरली.

अंकुश बारामतीतल्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचा कोच होता. चौदा वर्षं, आणि चौदाही वर्षं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. उन्हाळ्यात एक महिना तो कॉलेजचा कुणीच नसायचा. जूनमध्ये नवी ऑर्डर हातात पडली की पुन्हा कोच. मी मराठीचा प्राध्यापक, कायम. त्यामुळंच की काय, एवढी मैत्री होऊनही त्यानं मला 'सर' म्हणणं सोडलं नाही. इंदापूरहून पहिल्या गाडीनं यायचा आणि मुलींना मैदानावर घ्यायचा. माळेगावच्या, कऱ्हाटीच्या मुली, घरी म्हशींचं उरकून आलेल्या. तो त्यांच्यावर कधी ओरडल्याचं मी ऐकलं नाही. "पोरी दमूनच येत्यात सर. आपण खेळ शिकवायचा."

मोकळ्या तासाला ग्रंथालयातल्या संगणकावर त्यानं मला तो खेळ दाखवला. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा, इंटरनेटवरचा. त्यात चेंडू आपण टाकायचाच नाही, आपण फक्त कोच. एक कॉलेज घ्यायचं, शाळांमधून खेळाडू हेरायचे, संघ लावायचा. सामने संगणक खेळवतो. जगभरचे लोक एकेक कॉलेज धरून बसलेले. निकाल वाईट लागले की कॉलेज कोचला काढून टाकतं. अंकुशनं मुद्दाम सगळ्यात पडका संघ घेतला आणि तिसऱ्या हंगामात त्याला काढलं. पडद्यावर पत्र आलं, खाली कारणं. त्यानं ते दोनदा वाचलं. "बघा सर, कारण लिवलंय. खोट्या नोकरीत तरी कारण देत्यात." तो हसत होता. मग त्यानं तसाच दुसरा पडका संघ घेतला, आणि मीही एक कॉलेज घेतलं.

पुढं त्या खेळाच्या चर्चेच्या पानावर कोचच्या नोकरीवरून वाद पेटला. काढलं जाण्याची भीती नसेल तर खेळात राम काय राहिला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. अंकुशनं एक सूचना लिहिली, तिचं इंग्रजी मी नीट करून दिलं. पडका संघ घेणाऱ्याला चार हंगाम हात लावू नये. काढण्याआधी लेखी इशारा द्यावा. त्याची बाजू ऐकून घ्यावी. कॅनडातल्या एका निवृत्त शिक्षकानं कडाडून विरोध केला, तेव्हा अंकुशनं उत्तर दिलं, "घाबरलेला कोच आजचा सामना वाचवतो, खेळाडू घडवत नाही." मतदान झालं. मी अंकुशच्या बाजूनं मत दिलं. नियम बदलला. त्या दिवशी स्टँडवर त्यानं मला चहा पाजला, आणि एसटी सुटेपर्यंत तेच तेच बोलत राहिला.

त्याच वर्षी कॉलेजच्या संघातल्या दोन चांगल्या मुलींची लग्नं झाली आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. मे महिन्यात समितीची बैठक बसली. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथं होतो. अंकुशची ऑर्डर पुढं चालू ठेवू नये, असा ठराव आला. एका विश्वस्ताचा भाचा नुकताच शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. "कुणाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं. माझ्या मुलीचा नोकरीचा अर्ज त्याच संस्थेत पडून होता. कागद फिरत माझ्यापाशी आला, मी सही केली.

अंकुशला पत्रसुद्धा गेलं नाही. जून उलटला तरी ऑर्डर आली नाही, एवढंच. आठवडाभर तो पहिल्या गाडीनं येऊन ऑफिसबाहेर उभा राहिला. क्लार्क म्हणायचा, साहेब नाहीत. शेवटी मैदानाची किल्ली दुसऱ्याकडं गेल्याचं त्याला शिपायाकडून कळलं. मी त्याला म्हणालो, "वरूनच ठरलं." तो म्हणाला, "व्हय सर. वरूनच ठरतं."

नंतरची दोन वर्षं त्यानं इंदापुरात डाळिंबाच्या पॅकिंगवर काम केलं. खेळ मात्र सोडला नाही. मी सुरुवातीला दर रविवारी त्याच्याकडं जायचो, मग महिन्यातून एखाद्या. चौथ्या हंगामात त्याचा तो पडका संघ मोठ्या स्पर्धेत पोचला. इकडं आमच्या मैदानावर आता गाड्या लावतात.

संस्थेनं शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले, अंकुश सर आमच्या परिवाराचे आधारस्तंभ होते. मी मान खाली घालून बसलो होतो. सूत्रसंचालन माझ्या मुलीनं केलं. ती आता तिथं शिकवते.

गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला, "त्या गेममदल्या मान्सांना कळवा." मी गेलो, त्याच्या खोलीत संगणक लावला. खेळ चालवणाऱ्यांचं पत्र येऊन पडलं होतं. वहिनींनी विचारलं, "काय म्हन्त्यात?"

"बरेच दिवस आला नाहीत, काय अडचण आहे, असं विचारतायत. जागा तुमचीच आहे म्हणतायत."

वहिनी म्हणाल्या, "कॉलेजनं न्हाय कधी इचारलं." मग शांतपणे विचारलं, "भावजी, त्या मीटिंगला तुमी व्हता न्हवं?"

"होतो."

"सही?"

"केली."

"त्यांना ठावं व्हतं. क्लार्कनं तवाच सांगितलं व्हतं."

"मग मला कधी बोलला कसा नाही?"

"म्हनायचे, सरांना लेक हाय." एवढं बोलून त्या आत गेल्या.

मी कळवायचं ते कळवलं आणि संगणक बंद केला. उठताना समोरच्या भिंतीवरचं यंदाचं कॅलेंडर दिसलं. प्रत्येक रविवारच्या चौकटीत अंकुशनं पेन्सिलीनं 'सर' लिहिलं होतं. मी आलो त्या रविवारांवर बरोबरची खूण होती, तीनच. बाकीच्या रविवारांवर कसलीच खूण नव्हती, काट नाही की फुली नाही. मी पानं उलटत गेलो... डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यानं लिहून ठेवलं होतं.