सोमा मिस्त्रीची नखं

शेवंताच्या हाताला गॅरेजातला पाना लागला तो लग्नानंतर. नवरा सोमा मूळचा खारबावचा. टेमघरच्या रस्त्याला भाड्याच्या गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. तो बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसला की ही बाहेर उकिडवी बसून मागेल ते हत्यार देत राहायची. अशी चौदा वर्षं गेली. सोमा मुलखाचा अबोल. काही विचारलं की म्हणायचा, "बघत ऱ्हा." ती बघत राहिली आणि आपल्याला सगळं येतं अशा समजात राहिली.

नव्वदच्या पावसाळ्यात सोमाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, हलायचा तो फक्त डावा हात. शेवंताने त्याची लोखंडी खाट गाळ्याच्या दाराशी आणली आणि पाना स्वतः उचलला. हॉर्न, फ्यूज, ब्रेकलाइट तिला जमायचे. बाई काय गाडी दुरुस्त करणार म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची, पण यायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी गाळ्याचे मालक मुनीरशेठ आपली फियाट घेऊन आले. बहिणीचं, सालेहाचं लग्न, म्हणून गाडीला पार बंपरपर्यंत नवा पांढरा रंग मारून घेतला होता. रंगानंतर दिवे पुन्हा बसवले, तर बंपरवरच्या दोन फॉग लाइटपैकी डावा नुसता मिणमिणत होता. शुक्रवारी पहाटे नवरीला घेऊन निघायचं, आणि कशेळीच्या खाडीवर समोरचा ट्रक दिसू नये असं धुकं.

"वहिनी, शुक्रवारच्या आत झाला पायजे," मुनीरशेठ म्हणाले. "न्हाय जमलं तर गाळा नाक्यावरच्या दौलत वायरमनला देतो. कधीचा मागतोय तो. मी तरी किती थांबू?"

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. गाळ्याबरोबर मागची राहती खोलीही जाणार होती. आजारी माणसाला घेऊन जायचं कुठे?

मंगळवारी तिने दोन्ही दिव्यांचे बल्ब अदलाबदल केले. डावीकडचा उजवीकडे जाऊन लख्ख पेटला, उजवीकडचा डावीकडे येऊन मिणमिणू लागला. म्हणजे बल्बात खोट नव्हती. बुधवारी तिने स्विचपासून दिव्यापर्यंत नवी वायर ओढली, फ्यूज बदलला, होल्डर घासला. दिवा तसाच, विझत आलेल्या चुलीसारखा लालसर.

त्यात सोमाने नवंच काढलं होतं. सोमवारी दुपारपासून तो डाव्या हाताच्या नखांनी खाटेची लोखंडी कड खरवडत होता. दिवसभर तीच खरखर. शेजारची आक्का आली, थोडा वेळ बघत बसली आणि हळूच म्हणाली, "शेवंते, माणूस जायला झाला की असाच हात चालवतो. माज्या सासऱ्याचं असंच व्हतं. तुज्या माणसांना कळव."

बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा शेवंताने सोमाची नखं मुळापर्यंत कापली. तरी थांबेना, म्हणून समोरच्या कारखान्यातल्या, मागावरच्या कापडाच्या चिंधीने मनगट खाटेला बांधलं. सोमा डोळे वटारून तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्याच भल्यासाठी बांधलाय," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन गाडीआड रडली.

गुरुवारी दुपारी दौलत आला आणि तिच्या देखत गाळ्याची लांबीरुंदी पावलांनी मोजून गेला. आजारी माणसाकडे मेल्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी पेज भरवताना तिने सोमाचा हात सोडला. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत हात पुन्हा कडेवर गेला. नखं नव्हती, तर उघड्या बोटाने तो घासू लागला. तिने ओल्या फडक्याने तिथलं रक्त पुसलं आणि ती थबकली. खाटेच्या हिरव्या रंगात रुपयाएवढी एकच गोल जागा होती, आत स्वच्छ लोखंड. जाणारा माणूस वेडंवाकडं ओरबाडतो. हे तर काम होतं. असला गोल तिने चौदा वर्षं पाहिला होता. दिवा बसवण्याआधी सोमा बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचा. ती त्याच्या हातात कानस द्यायची, पण कशासाठी ते तिने कधी मनावर घेतलं नव्हतं.

करंट वायरीतून दिव्यात जातो आणि गाडीच्या लोखंडातून परत येतो. ती तीन दिवस जाणारीच वाट तपासत होती.

पेजेची वाटी तशीच टाकून ती धावली. डाव्या दिव्याचा बोल्ट सोडला. खाली नवा रंग, सायीसारखा जाड, परतीची वाट अडवून बसलेला. तिने तो कानशीने काढला, बोल्ट आवळला, स्विच ओढला. समोरच्या कारखान्याची भिंत उजळली, एकेक वीट मोजावी अशी.

"अहो, लागला," म्हणत ती आत आली. सोमाचा हात पोटावर शांत पडला होता, बोटांची टोकं सोललेली. चार दिवस हा माणूस जीव तोडून सांगत होता, आणि आपण त्याची नखं कापली. त्याला बांधून घातलं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिने तो हात मांडीवर घेतला, आणि मग तिला आठवलं. झटका आल्यापासून रोज पहाटे तो दोन बोटांनी उशीवर टकटक करायचा. थंडी वाजत असेल म्हणून ती रोज तो हात उचलून पांघरुणात घालायची.

"रोज पहाटं ते काय सांगत व्हता तुमी?" तिने विचारलं. सोमाने डोळे मिटून घेतले.

पहाटेच्या टकटकीची वाट बघत, त्या हातावर नजर ठेवून ती खाटेपाशी बसून राहिली. पहाटे मुनीरशेठ गाडी घेऊन गेले. धुक्यात दोन्ही दिवे सारखे पेटले होते. सोमाचा श्वास चालू होता. हात मात्र हलला नाही.