राणीला बांधायची गाठ

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर केमिस्टच्या दाराशी होते. मोतीला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, रेलिंगला बांधत होते. फोन यांचा होता, हॉस्पिटलमधून. “मंदा… अण्णा गेले गं.” डॉक्टर माणूस, आयुष्यभर लोकांना अशा बातम्या दिल्या, पण स्वतःच्या वडिलांची देताना एवढंच बोलून फोन ठेवला. माझा हात पट्ट्यावर तसाच राहिला. पट्ट्याची ती गाठ मला अण्णांनीच शिकवली होती.

अण्णा माझे सासरे. सातारा जिल्ह्यातले, पिढीजात नालबंद, घोड्या-बैलांना नाल ठोकणारे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. हीथ्रोवरून घरी येताना मी कौतुकाने म्हटलं, “अण्णा, बघा हं आता विलायत!” तर म्हणाले, “बघितलीय की. मागच्या वेळी आलो तो समुद्रातनं ओला चिंब होऊन.” मी यांच्याकडे बघितलं, हे खिडकीबाहेर. यांनाही धड काही ठाऊक नव्हतं. कपाळ माझं! घरात एवढी मोठी गोष्ट आणि कुणी कधी विचारलीच नाही.

मग मी हळूहळू काढून घेतली, चहाच्या कपागणिक थोडी. दुसऱ्या महायुद्धात अण्णा हिंदी फौजेच्या खेचरांच्या कंपनीबरोबर फ्रान्समध्ये होते. कंपनीत बहुतेक पंजाबी मुसलमान, मराठी अण्णा एकटेच. त्यांच्याकडच्या खेचराचं नाव राणी. साहेबाला त्या नावाचा अर्थ कळला तेव्हा तो म्हणे पोट धरधरून हसला. जनावर बांधायची त्यांची गाठ ठरलेली होती, कितीही ओढा, घट्टच बसते, पण मोकळं टोक एकदा खेचलं की झटक्यात सुटते. बाँब पडायला लागल्यावर गाठी सोडत कोण बसणार? “बांधतानाच सोडायचा विचार करायचा, सूनबाई,” असं ते म्हणायचे, आणि कपड्यांच्या दोरीपासून माझ्या शॉपिंग ट्रॉलीपर्यंत सगळ्याला तीच गाठ मारायचे.

फ्रान्सच्या डंकर्क बंदरात जर्मनांनी घेरल्यावर किनाऱ्यावर हुकूम आला… माणसं इंग्लंडच्या बोटीत, जनावरं इथेच. पाण्यात छातीपर्यंत माणसांच्या रांगा, वर विमानं. अण्णांनी राणीच्या तोंडावरची मोरकी काढली, दोराचं टोक खेचलं, पाठीवर थाप मारली. “गाठ सुटली, पण ती हलेना गं. जा म्हटलं, शिवी दिली, तरी हलेना. बोटीतनं दिसत होती तोवर उभीच.” एवढं सांगून ते उठून बागेत जायचे. पुढचं मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, युद्धस्मारकापाशी माजी सैनिक रांगेत उभे राहतात. अण्णा पहिल्यांदा गेले ते सूट, फेटा आणि मेडल्स लावून. खांद्यावर संयोजकाची फीत लावलेला एक कार्यकर्ता अदबीने म्हणाला, “फॅमिलीज धिस साइड, सर.” मी डंकर्कला होतो, असं अण्णांनी सांगितलं, तर तो म्हणाला, “इंडियन्स? आय डोन्ट थिंक सो.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण अण्णा शांतपणे रेलिंगच्या अलीकडे येऊन उभे राहिले. “मी कुठे होतो ते मला ठाऊक आहे ना? मग झालं.” झालं कसलं! दरवर्षी ते सूट घालून जायचे आणि दरवर्षी अलीकडेच उभे राहायचे. त्या रांगेत उभं राहायचं त्यांच्या मनात किती होतं, ते त्यांचे बूट सांगायचे. आदल्या दिवशी दुपारभर पॉलिश चालायचं.

एका वर्षी तिथे रेलिंगला बांधलेल्या मोतीला सोडायला अण्णांनी टोक खेचलं, आणि शेजारच्या व्हीलचेअरमधला गोरा म्हातारा ओरडलाच, “म्यूल कंपनी!” तो टॉम. डंकर्कला त्याच्या पायात गोळी लागली होती. एका फेटेवाल्याने त्याला खेचरावर बांधून धक्क्यापर्यंत नेलं आणि बोटीपाशी दोराचं टोक खेचून एका झटक्यात खलाशांच्या हातात मोकळं केलं. ही हकिगत तो जन्मभर सांगत होता आणि त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवत नव्हतं. दोघे म्हातारे हात धरून ढसाढसा रडले. “तो मी नव्हे हं,” अण्णा मला म्हणाले, “पण आमचाच.” तेवढ्यात टॉमने त्या कार्यकर्त्याला हाक मारली, “धिस मॅन स्टँड्स विथ मी!” आणि अण्णा रांगेत गेले. काय ताठ चालले माझे सासरे! आमची नेहा तिच्या मराठीत ओरडली, “माझा आजोबा आहे तो!” मीही लाजलज्जा सोडून टाळ्या वाजवल्या. पुढे प्रत्येक नोव्हेंबरात त्यांची जागा टॉमच्या उजवीकडे.

यंदा अण्णा ऑक्टोबरात गेले. तरी आम्ही गेलो. रांगेत टॉमच्या उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी होती. कुणी पुढे सरकलं नाही, कुणी भरली नाही. गोऱ्या म्हाताऱ्यांनी माझ्या अण्णांसाठी राखली होती ती. बिगुल झाला, लोक पांगले. मी रेलिंगपाशी येऊन मोतीच्या पट्ट्याचं टोक खेचलं, गाठ सुटली. मोती हलेना. “चल रे,” म्हटलं, पट्टा ओढला, तरी त्या मोकळ्या जागेकडे बघत उभाच.

मग मी पट्टा सैल सोडला, आणि त्याच्याशेजारी मीही उभी राहिले.