कौसल्याबाईंनी नेसवलेलं लुगडं

परळला गिरण्यांच्या मागे एका मोकळ्या जागेत पत्र्याच्या छपराखाली एक देवी होती आणि तिची गुरवीण होती कौसल्याबाई. देवी म्हणजे कमरेएवढा उभा दगड. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचे इतके थर, की नाकडोळे कुठे ते देवीलाच ठाऊक. कौसल्याबाई रोज तिला हिरवं लुगडं नेसवायच्या आणि कपाळ असावं अशा अंदाजानं कुंकू लावायच्या. नवरा गेल्यापासून ओटीचे तांदूळ आणि नारळ यांवरच त्यांची चूल पेटत होती. पण म्हणून कुणाची मिजास ऐकून घेतील तर शपथ. नारळ नासका निघाला तर त्या नवस करणाऱ्यालाच झापायच्या.

मी तिथे ओव्हरसियर म्हणून आलो तो सत्तावन्नच्या हिवाळ्यात. गिरणी कामगारांच्या सोसायटीला त्या जागेवर चाळ बांधायची होती. एकेका खोलीत तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं पाठ टेकत होती, त्यामुळे सगळ्यांना घाई. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोजच्याच झालेल्या. माझे मजूर सकाळी पाया आखायचे आणि दुपारी झेंडे घेऊन पसार व्हायचे. त्यात पहिल्याच चरात काळ्या दगडाचं कोरीव जोतं लागलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी काम थांबवलं. खाली जुनं देऊळ आहे, आधी आम्ही खणणार, मग तुमचा पाया.

माझं डोकंच फिरलं. खणायला आली कालिंदी, दादरची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. हातात थापी आणि ब्रश. दात घासावेत तशी ती जमीन घासत बसायची. पण कामाला चोख होती, हे मला कबूल करावं लागलं. देवळाचं जोतं तिनं पुरतं मोकळं केलं, कमळं कोरलेले तुकडे काढले, सगळं मोजून कागदावर उतरवलं. राहिली मधली देवी. शेंदराचा एक टवका उडाला होता तिथे कालिंदीला अक्षर दिसलं. दगड वाचल्याशिवाय हलवायचा नाही, असं तिनं सांगून टाकलं, आणि शेंदराला हात लावायची कुणाची छाती होईना.

सोसायटीचे सेक्रेटरी दौलतराव यांनी कौसल्याबाईंना शब्द दिला होता. चाळीच्या दाराशी देवीला पक्कं देऊळ, पूजा त्यांचीच. म्हणजे दगड देवीच राहण्यात बाईंचा फायदा होता. तरी कालिंदीनं आपली शंका लपवली नाही.

"मावशी, आत देवी नसली तर?"

कौसल्याबाई लुगड्याच्या निऱ्या करत होत्या. "नसली तर इतकी वर्षं कुणाला निवद दाखवला, ते तरी कळेल. मी तिला इचारते."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून दगडाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. शेजारपाजारच्या बायका जमल्या. बाईंनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. मी अगदी जवळ उभा होतो. डावी पाकळी त्यांनी पाण्यात चांगली बुचकळली होती आणि उजवी जेमतेम ओली केली होती. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणतात, "काय बघतोस रे? देवीला मदत नको करायला?"

देवी आता शेंदराची खोळ सोडणार, असं त्यांनी जाहीर केलं. कोमट तेल चोळून, लाकडी पट्टीनं, थर त्यांनी स्वतःच उतरवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य निघाले, मधे चार ओळी निघाल्या. शेवटचा थर सुटला तेव्हा तळाशी निघालं एक गाढव आणि त्याच्या खाली एक बाई.

तोवर पाळी सुटली होती, बरीच माणसं गोळा झाली होती. कालिंदीनं मान खाली घालून सांगितलं, की ही देवी नाही, गधेगाळ आहे. राजानं देवळाला जमीन दिली, आणि जो कुणी ती बळकावील त्याला दगडावर शिवी कोरून ठेवली. शेवटची ओळ मराठीत आहे. हे ऐकून आमच्या मोर्चेवाल्यांना उकळ्या फुटल्या. मुंबईतला आठशे वर्षांचा दगड मराठी बोलतो, आता दिल्लीला काय हवं ते दाखवू. मग कुणीतरी विचारलं, बोलतो काय? कालिंदीनं "त्याच्या आईला" एवढंच वाचलं आणि ती थांबली. पुढचं चित्रात होतंच.

मग मात्र सगळे भडकले. आमच्या बायकांनी ह्याला ओट्या भरल्या, असं म्हणत दौलतरावांनी माझ्याच माणसाच्या हातातला घण घेतला. फोडा आणि चाळीच्या पायात घाला. देऊळबिऊळ आता विसरा, बाई.

कौसल्याबाई दगडापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी मागून म्हणालं, कौल लावा.

"कौल नाय लावायचा," त्या म्हणाल्या. "जल्मभर हिलाच इचारत आले. आज मी सांगते. दौलतराव, जमीन कोणी गिळली?"

"ज्यानं गिळली त्यानं."

"आणि गाढवाखाली कोण?"

दौलतरावांची नजर दगडाच्या तळाशी गेली.

"त्याची आय. तिनं काय केलं होतं? लेकानं चोरी करायची आणि आयशीची लाज दगडावर. मला ठाऊक नव्हतं, तरी मी रोज हिला लुगडं नेसवलं. मग माझं चुकलं कुठे?"

त्यांनी बाजूला पडलेलं हिरवं लुगडं उचललं आणि रोजच्यासारखं नेसवायला घेतलं. निऱ्या घातल्या, पदर काढला. गाढव झाकलं, बाई झाकली, वरच्या ओळी वाचायला मोकळ्या राहिल्या. दौलतरावांनी घण खाली ठेवला. मी बांधकामात जन्म घालवला, मोठमोठे शहाणे पाहिले. इतकं सरळ डोकं दुसरं पाहिलं नाही, आणि त्या दिवशी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

देऊळ अर्थात मिळालं नाही. ओट्या थांबल्या, आणि कौसल्याबाई चाळीच्या नाक्यावर फुलांची टोपली घेऊन बसू लागल्या. पण त्याआधी म्युझियमची गाडी दगड न्यायला आली. हमाल तो दोरखंडानं आवळायला लागले. एकानं अडतंय म्हणून लुगडं ओढून काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे ते अंगावर," कौसल्याबाई म्हणाल्या. "आणि जपून उचला रे. बाईमाणूस आहे."

हमालानं हात मागे घेतला, पदर नीट खोचला आणि मग दगडाला खांदा दिला.