पूजेतल्या खुंट्या

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, नातीने शिलाई मशीनला चंदन लावलं, आणि मशीनच्या तेलात मिसळलेल्या त्या वासाने मला मद्रासच्या गिंडी भागातल्या एका लेथच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, जुन्या गिटारच्या खुंट्या झिजल्या होत्या, तारा सुरात राहत नव्हत्या. तसल्या खुंट्या मद्रासच्या दुकानांत मिळेनात, म्हणून एका म्हाताऱ्या टर्नरकडे पितळेच्या करायला टाकल्या. माझं ऑफिस तिथंच, त्यामुळे खेपा माझ्या. तीन महिने एकच उत्तर, "नाळैक्कु वांग, उद्या या." आयुधपूजेच्या दिवशी गेलो तर सहाही खुंट्या तयार! धुतलेल्या लेथपुढे केळीच्या पानावर मांडलेल्या, चंदन-कुंकू लावलेल्या. मी हात पुढे केला तसा म्हातारा म्हणाला, "आज पूजेतलं उचलायचं नाही, सार. उद्या न्या." उद्या म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "मग राहू द्या देवापुढेच!" असं ओरडून मी निघालो. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या खोलीवर अण्णा गिटार पुसत बसला होता. "त्याला जमत नाही, नाद सोड," मी म्हणालो. "म्हातारा माणूस आहे रे, टाकून बोलला नाहीस ना?" एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. शरमेने पुन्हा त्या शेडकडे फिरकलो नाही, आणि अण्णाने पोंगलच्या आधी गिटार कुणाला तरी देऊन टाकली. खुंट्या तयार होत्या हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आज नात पूजेतली कात्री उचलायला गेली, तर माझ्याच तोंडून निघालं, "आज नको गं, उद्या घे."