गाडी तेल पिते, साहेब

वर्कशॉपमध्ये जुने फिल्टर, फाटके पट्टे, घासलेल्या क्लचप्लेटा साठतात. ते सगळं भंगारवाला घेऊन जातो. गिऱ्हाइकांनी सांगितलेलं मात्र कोणी नेत नाही, ते काउंटरवरच्या माणसाकडेच पडून राहतं. मी डिचोलीत एका कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं त्या काउंटरवर होतो. त्यामुळे कुठे चार माणसं जमली की मला गप्प बसवत नाही.

त्या काळात कंपनीच्या एका मॉडेलला वाईट खोड होती. इंजिन ऑइल जाळायचं. गळती नाही, आवाज नाही, पण ऑइल गायब. कंपनीच्या भाषेत ‘हाय ऑइल कन्झम्प्शन’. आमच्या गोव्यात सरळ म्हणायचे, गाडी पिते.

आता हे ‘पिते’ म्हटलं की काय होतं बघा.

तुयेचे परब सर, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. एकदा आले ते काउंटरपाशी उभेच राहिले. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले आणि मला म्हणाले, जरा बाजूला येता का. मला वाटलं घरात काहीतरी वाईट घडलं. पाण्याच्या टाकीमागे नेऊन त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की गाडी तेल प्यायला लागली आहे. मी विचारलं, कधीपासून?

“सुरुवातीला थोडं थोडंच घ्यायची,” सर म्हणाले. “आम्ही लक्ष दिलं नाही.”

गावात कोणाला कळू दिलेलं नव्हतं. सरांच्या बाई गाडीतच बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन. मी वॉरंटीचं सगळं समजावलं, तपासणी कशी होईल ते सांगितलं. सरांचा चेहरा जरा सुटला. निघताना बाईंनी काच खाली करून मला एकच विचारलं, “सुटेल ना हो?”

तक्रारी वाढल्या तशी कंपनीने दिल्लीकडून एक इंजिनिअर पाठवायला सुरुवात केली. तिवारीसाहेब. माणूस सज्जन, कामाला चोख. वॉरंटीत इंजिन उघडायचं की नाही हे तेच ठरवायचे, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत असायचो. अडचण एवढीच की त्यांना हिंदी आणि इंग्रजी सोडून काही येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी एक जोडपं आलं. तिवारीसाहेबांच्या डोक्यात इंजिन. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी नवऱ्याला विचारलं, “कितना पीता है?”

नवऱ्याने आधी बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, “छोड दिया साब. गणेश चवथ से.”

बायको म्हणाली, “सायबाक तरी खरां सांगा.”

असली तक्रार आली की पहिल्यांदा डिपस्टिक बघायची. इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी ती लांब पट्टी. डिचोलीजवळच्या एका चढावरच्या गावातले गावस आडनावाचे बापलेक गाडी घेऊन आले ते भांडतच आले. बाप म्हणे ऑइल रोज कमी होतं, मुलगा म्हणे उलट वाढतं. आमचा फोरमन गुरुदास, दोडामार्गकडचा, त्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी उभी कुठे करता? घर उतारावर. बाप गाडी तोंड वर करून लावायचा, मुलगा तोंड खाली करून. पट्टीवरचं ऑइल त्याप्रमाणे मागे-पुढे सरकायचं. बाप कमी दिसलं म्हणून सकाळी ओतायचा. मुलगा संध्याकाळी बघायचा आणि बापाच्या नावाने ओरडायचा.

गुरुदासने सांगितलं, सपाट जागेवर लावून बघा. तर म्हणे गावात आमच्या बाजूला सपाट अंगण एकच, शेजाऱ्याचं, आणि त्याच्याशी आमचं बोलणं नाही. कोणत्या तरी फणसावरून बंद झालेलं. पण गाडी नवी आणि वॉरंटी हातची जाईल ही भीती. शेवटी बाप गेला विचारायला.

पुढच्या सर्व्हिसला गाडीतून तिघे उतरले. तिसरा तो शेजारी. गुरुदासने पट्टी बाहेर काढली तर बाप आणि मुलगा मागे, शेजारी पुढे. म्हणाला, “माझ्या अंगणात बघलां तेव्हा बरोबर होतां. हय तुमी काय केलात?”

तिवारीसाहेबांचा नियम असा की आधी चाचणी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, बोल्टांवर पिवळ्या रंगाची खूण करून सील करायचं, आणि गिऱ्हाइकाने हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणायची. मग किती घटलं ते मोजायचं. दिल्लीत हजार किलोमीटर म्हणजे काहीच नसेल. पण गोव्यात एवढं चालवायचं कुठे? थोडं पुढे गेलं की समुद्र, थोडं मागे गेलं की घाट.

चोपड्याचा बाबल नारळाचा व्यापारी. तेव्हा चोपड्याहून शिवोलीला जायला फेरीबोट होती, पूल नव्हता. हजार किलोमीटर भरत नाहीत म्हणून तो दिवसभर गाडी फेरीत घालून ये-जा करत राहिला. मग माझ्याकडे येऊन वॉरंटीत मीटर बदलून मागू लागला. मी विचारलं, मीटरला काय झालं?

“गाडी शिवोलीक पावली,” तो म्हणाला, “मीटर आजून चोपड्यातच आसा.”

पेडण्याच्या पुंडलिकची गोष्ट याच्याहून कठीण. त्याचा बार खाली आणि घर वर. गाडी हलायचीच नाही. चाचणीसाठी तो बहिणीकडे बेळगावला जाऊ लागला. पहिल्यांदा बहिणीला आनंद झाला. पुढच्या आठवड्यात परत गेला तेव्हा तिने गोड केलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र तिच्या सासऱ्याने तिला आत बोलावून विचारलं की तुझ्या माहेरी काही भानगड तर नाही ना. पुंडलिकने गाडीचं कारण सांगितलं. ते कोणाला पटलं नाही. तेल मोजायला कोणी बेळगावला येतं का?

हजार किलोमीटर झाले. तिवारीसाहेबांनी मोजलं, तर ऑइल जवळजवळ जसंच्या तसं. गाडी नुसती उभी असायची म्हणून बिघडली होती, चालवल्यावर सुधारली. पुंडलिक खूश झाला आणि बारवर जाऊन बसला. महिन्याभराने माझ्याकडे फोन आला. बाईचा आवाज, बेळगावहून. भावाने हा नंबर दिला होता म्हणाली. तिने विचारलं, “गाडी परत कधी बिघडेल, काही अंदाज?”

सीलचा किस्सा नार्वेकरांचा. डिचोलीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. चाचणी चालू असताना दसरा आला. गाडी परत आणली तेव्हा बॉनेट उघडून तिवारीसाहेब मागे सरले. प्रत्येक बोल्टावर हळद, वर कुंकू, ऑइलच्या झाकणाला झेंडूची माळ. आमची पिवळी खूण कुठली आणि हळद कुठली, कळायला मार्ग नाही.

साहेब म्हणाले, सील टॅम्पर्ड आहे, क्लेम नामंजूर होईल. नार्वेकरांचं तोंड पडलं, कारण इंजिन खरंच खराब होतं. त्यांची म्हातारी आई बरोबर होती. तिने मला विचारलं, तो काय म्हणता? मी म्हटलं, सीलला कोणीतरी हात लावला म्हणतात.

“मगे पूजा लांबसून करूची? हळद फेकून मारूची?”

हे मी हिंदीत सांगितलं. तिवारीसाहेबांनी झाकणावरची झेंडूची माळ सरळ केली. त्यांच्याही घरी आई असणारच. त्यांनी बॉनेट हळूच बंद केलं आणि रिपोर्टमध्ये इंग्रजीत लिहिलं, सील पूजलेल्या अवस्थेत आढळले. हेड ऑफिसला तो कुठला तरी तांत्रिक प्रकार वाटला असावा. क्लेम पास झाला.

आता केरकरांचं सांगतो.

केरकर खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, पेडण्याकडच्या गावात राहायचे. त्यांची गाडी तर ऑइलबरोबर निळा धूरही सोडायची. तिवारीसाहेबांनी सगळं तपासून नवीन इंजिन मंजूर केलं. आम्ही बसवलं. गाडी इतकी मुकाट्याने चालायला लागली की गुरुदास स्वतः गेटपर्यंत चालत गेला बघायला.

पंधरवड्यात केरकर परत. बरोबर सुशीलाबाई, त्यांच्या मंडळी. केरकर भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे राहिले. बोलल्या त्या.

बाईंना ऐकू कमी यायचं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेतापलीकडचं रस्त्याचं वळण दिसायचं. वळणावर निळा धूर दिसला की त्या तव्यावर बांगडा घालायच्या. केरकर गाडी लावून, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत बांगडा ताटात. आता धूर नाही. नवरा अचानक मागे येऊन उभा राहतो आणि त्या दचकतात. मासळी एक तर कच्ची, नाही तर थंड. दोन वेळा त्यांनी दुसऱ्याच कोणाच्या ट्रकचा धूर बघून बांगडा घातला आणि तो करपला. केरकर जेवणावरून उठून गेले. आता घरात अबोला.

गुरुदासने सुचवलं, वळणावर हॉर्न मारा. बाई म्हणाल्या, मला ऐकू येत नाही. त्याने दिवा लावायला सांगितलं. म्हणाल्या, दुपारच्या उन्हात दिवा दिसतो का? मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, “इंजिन नवाच ऱ्हवांदे. धूर तेवढो पयलो द्या.”

केरकर कॅलेंडरवरून नजर न काढता म्हणाले, “थोडो चलतलो.”

मी दिल्लीला तिवारीसाहेबांना फोन लावला आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. वळण, तवा, बांगडा, सगळं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

मग साहेबांनी हळूच विचारलं, “गाडी अब भी वॉरंटी में है क्या?”